एका कोयत्याची गोळी

आईला मॉर्फिन लागू पडत नाही, का पडत नाही ते मला कळलं आहे, आणि आता तिच्या डॉक्टरांनाही ते समजावून सांगायला हवं, अशा तोऱ्यात मी त्या दिवशी नगरच्या एसटीत बसले होते. मांडीवर फाईल होती. फाईलमध्ये तीन शोधनिबंधांच्या झेरॉक्स, त्यांतल्या महत्त्वाच्या ओळी पिवळ्या पेनने रंगवलेल्या. शेजारी आई पुढे वाकून, दोन्ही हातांनी समोरच्या सीटचा दांडा धरून बसली होती. पाठ मागे टेकवायची तिची सोय राहिली नव्हती. खिडकीपाशी माझे वडील होते. त्यांना मी दादा म्हणते. ते सगळा रस्ता हात खाजवत होते आणि मी त्यांना दोनदा डोळ्यांनी दटावलं.

मी नेवाशातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या पीएच.डी.चा विषय होता मेंदूतल्या अफूच्या रिसेप्टरांची जनुकं. ही बातमी आमच्या गावी, पाथर्डीच्या बाजूला गेली तेव्हा चुलत्यांनी पारावर सांगून टाकलं, की आमची पोरगी अफूची डॉक्टर झाली. पुढे वर्षभर लोक मला हळू आवाजात विचारायचे, हे कायद्यात बसतं का म्हणून. हसायला येतं, पण त्यांचं फार चुकत नव्हतं. अफूच्या बोंडातून मॉर्फिन निघतं. ते मेंदूतल्या आणि मणक्यातल्या पेशींवर ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा म्हणजे रिसेप्टर. तो कसा घडवायचा, हे आपल्या जनुकात लिहिलेलं असतं.

कामात मी अफूचं बोंड कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. माशाचं, बेडकाचं, कोंबडीचं, माणसाचं जनुक संगणकावर शेजारी शेजारी मांडायचं आणि अक्षर न अक्षर ताडून बघायचं, एवढाच माझा उद्योग. त्यातून दिसतं ते असं. फार पूर्वी, पाठीचा कणा असलेले प्राणी नुकते घडत होते तेव्हा, एका मूळ जनुकाच्या दोनदा वाटण्या झाल्या आणि चार भाऊ वेगळे निघाले. म्यू, डेल्टा, कप्पा आणि एक चौथा, जो भावकीतला असूनही मॉर्फिनला ओळख देत नाही. मॉर्फिनचं खरं काम असतं ते म्यूपाशी.

या म्यूचं प्रकरण आणखी गमतीचं आहे. औषधांच्या वागण्यावरून जुन्या शास्त्रज्ञांना वाटायचं, की म्यूचेही पोटप्रकार असणार, एक वेदना थांबवणारा, एक श्वास मंद करणारा. जनुक हाती लागलं तेव्हा ते निघालं एकच. मग हळूहळू लक्षात आलं, की पेशी त्या जनुकाची नक्कल उतरवताना काही तुकडे गाळते, काही जोडते, आणि एकातूनच म्यूची बरीच रूपं निघतात. वर्गात मी सांगते, एकाच पिठाची भाकरी होते आणि थालीपीठही होतं. शिवाय माणसामाणसाच्या जनुकात एखाददुसरं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे एकाला पुरणारी मात्रा दुसऱ्याला कमी पडू शकते. हे सगळं मी इतक्या वेळा शिकवलं आहे, की झोपेत विचारलं तरी सांगेन. माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

आई-दादांनी अर्धं आयुष्य ऊस तोडला. दिवाळी झाली की मला मामीकडे ठेवून ते कोपरगावकडच्या कारखान्याला जायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. दादा तोडायचे, आई मोळ्या बांधायची, मग दोघं डोक्यावरून वाहून ट्रॉलीत भरायचे. एक आडवा पडला की कोयता बंद. त्यामुळे एकाचं दुखणं हे दोघांचंच धरलेलं असायचं. टपरीवरून दुखण्याची गोळी आणली की आई चंचीतला अडकित्ता काढून ती मधोमध कापायची, अर्धी स्वतः घ्यायची, अर्धी दादांच्या हातावर ठेवायची. 'एका कोयत्याला एक गोळी,' असं म्हणायची. सगळी गोळी एकट्याने खाणं म्हणजे नवऱ्याला उपाशी ठेवून आपण जेवून घेण्यासारखं होतं. सुट्टीत मी खोपीवर राहायला जायचे तेव्हा हे कितीतरी वेळा पाहिलेलं आहे. पाहिलेलं आहे, हे मुद्दाम लिहून ठेवते.

त्यांचे तोडीचे दिवस संपल्यावर मी दोघांना नेवाशाला माझ्या दोन खोल्यांत आणलं. सुखाची तीन वर्षं झाली आणि आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सगळे उपचार झाले, वर्षभर बरी होती. मग तो मणक्यात उतरला. आता बरं करणं हाती नाही, त्रास कमी करणं हाती आहे, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. आईला ते मी सांगायच्या आधीच कळलेलं होतं. तिला आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकली की कळ मस्तकात जायची. ती बसून, समोर बाजरीचं पोतं घेऊन, त्यावर डोकं ठेवून झोपायची.

एकदा मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती म्हणाली, "मला बरं कर म्हनत न्हाई मी. येकडाव पाट टेकून निवांत पडू दे, बास."

आमच्या घरातलं मागणं त्या दिवसांत एवढंच उरलं होतं.

नगरच्या एका दवाखान्यात अशा दुखण्यांसाठी वेगळ्या डॉक्टर होत्या. माझ्याहून वयाने लहान, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मॉर्फिन सुरू केलं. गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक, हळूहळू विरघळून बारा तास पुरणारी. अख्खी गिळायची, असं त्या म्हणाल्या, आणि मी मान हलवली. घरी आल्यावर मी दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढून रिसेप्टर समजावला. चांगला अर्धा तास. दादा डुलक्या घेत होते. आई मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

"देवानं आपल्या डोक्यात अफूला जागा कशाला ठिवली गं?" तिने विचारलं.

"अफूसाठी नाही ठेवली. आपलं शरीर स्वतःच तसलं औषध बनवतं, त्याच्यासाठी ठेवली. फार श्रम झाले, मार लागला, की ते सुटतं."

"व्हय. मोळी डोक्यावर हाय तवर कायबी दुखत न्हाई. ट्रॉलीत टाकून खाली बसलं, की मंग समदं दुखतं."

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मी याहून चांगलं उत्तर दिलेलं नाही. मी इतकी खूश झाले, की चित्रात आणखी दोन बाण काढले. या सगळ्यात गोळी अख्खी गिळायची हे एक वाक्य मी त्यांना सांगितलं का, ते आजही मला आठवत नाही. चार भावांची नावं सांगितल्याचं मात्र पक्कं आठवतं.

मी सकाळी साडेसातला कॉलेजला निघायचे, त्यामुळे गोळी द्यायचं काम दादांकडे होतं. डबी अगदी वेळेवर रिकामी होत होती. पण आईचं दुखणं हटेना. गोळीनंतर तासभर, दोन तास तिला बरं वाटायचं, मग पुन्हा ती पोत्यावर ओणवी. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा थोडी वाढवली. पुन्हा तेच. पुन्हा फोन, पुन्हा थोडी वाढ. याच दिवसांत दादांच्या जेवणाची तऱ्हा बिघडली. ओकाऱ्या व्हायच्या, पोट साफ नसायचं, अंगाला खाज, आणि दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे. मी म्हटलं, ऊन बाधलं असेल. त्यांना लिंबू-सोडा दिला आणि आईच्या जनुकावर वाचायला बसले. घरातली दोन माणसं एकाच वेळी बिघडली होती आणि मी एकीचाच विचार करत होते. वाचता वाचता मला खात्री पटली, की आईच्या म्यूतलं अक्षर वेगळं आहे किंवा तिच्या पेशी त्याची भलतीच रूपं बनवत आहेत. ती फाईल घेऊन आम्ही नगरला निघालो होतो.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं नाही, पिवळ्या ओळी खरंच वाचल्या. बाहेर बाकांवर माणसं खोळंबलेली असताना एखादा डॉक्टर असं वाचतो, याचं मला आजही अप्रूप आहे. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली, पण आईकडे पाहिलं नाही. दादांकडे पाहिलं.

"काका, खाज कधीपासून येते?"

"उन्हाळ्याची आसंल."

"जरा माझ्याकडे बघा. सरळ."

त्या उठून दादांजवळ गेल्या. खोलीत उजेड बेताचाच होता, तरी दादांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. त्या वाकून बघत होत्या म्हणून मीही वाकले. बारीक झालेल्या बाहुल्या कशाची खूण असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

"काका, मावशींच्या गोळ्या तुम्ही घेता का?"

दादांनी मान खाली घातली. आईला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. चहात साखर किती घालते हे सांगावं तशी ती म्हणाली, "घेत्यात की. अर्दी मी, अर्दी त्ये. त्यांची कंबर काय कमी गेलीय व्हय कामातनं?"

"कशाने मोडता?"

आईने कनवटीची चंची सोडून अडकित्ता टेबलावर ठेवला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली आणि सांगितलं, की ही गोळी साधी नसते. मोडली, की बारा तासांचं औषध एकदम सुटतं. म्हणून तुम्हाला दोन तास बरं वाटतं आणि मग काही उरत नाही. आणि काकांच्या अंगाला या औषधाची सवय नाही, त्यांचा श्वास मंद होऊन ते झोपेतच गेले असते. हे ऐकताना आईचा चेहरा उतरत गेला. माझा तिच्या आधी उतरला होता. फोन करून करून मात्रा मीच वाढवून घेतली होती, आईची आणि मला ठाऊक नसलेली दादांचीही.

मला घाबरले की राग येतो. मी दादांवर घसरले. "तुम्हाला ओकाऱ्या होत होत्या, तरी घेत होता?"

दादा हळूच म्हणाले, "मी घेतल्याबिगर ती गिळीत न्हाई. पयल्या दिशी म्या म्हनलं, तू खा समदी. तर तिनं गोळी तशीच ठिवली अन दुखत बसली. मंग म्या घेत गेलो."

बायकोच्या पोटात अर्धी तरी गोळी जावी, म्हणून हा माणूस रोज दोनदा ओकारी गिळत होता, आणि मी त्याला हात खाजवतो म्हणून एसटीत दटावत होते. लाज वाटली. खूप वाटली.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमचं म्हणणं खोटं नाही. बघा ना, एकाच गोळीचे दोन तुकडे. मावशींना ओकारीही नाही, काकांना मात्र ओकारी, खाज, गुंगी सगळं. यात जनुकाचा वाटा असू शकतो. वयाचा असतो, किडनीचा असतो, सवयीचाही असतो. पण त्या जनुकापर्यंत जायच्या आधी गोळी माणसाच्या पोटात अख्खी जायला हवी."

मी फाईल बंद करून पिशवीत टाकली.

त्यांनी त्यानंतर जे केलं, ते कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. दादांना दिवसभर तिथेच झोपवून श्वासावर लक्ष ठेवलं, हे तर केलंच. पण त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायला लावला आणि त्यांची कंबर नीट तपासली. पट्टा दिला, चार व्यायाम दाखवले, आणि साधी पॅरासिटामॉलची गोळी लिहून दिली. आईची मात्रा आता अख्खी पोटात जाणार म्हणून खाली आणली. मग दोन्ही गोळ्या आईसमोर ठेवून म्हणाल्या, "ही तुमची, ही त्यांची. दोघांनी एकाच वेळी घ्यायची. मोडायची कुणाचीच नाही."

आईने दादांची गोळी उचलून उजेडात धरली. "ही खरी हाय न्हवं? का त्यांना खडू देताय?"

"खरी आहे. तुमच्याएवढी जोराची नाही. त्यांचं दुखणंही तुमच्याएवढं नाही ना?"

आईने जरा विचार केला. "त्ये बी बरोबर हाय," म्हणाली.

मी असते तर जनुक समजावलं असतं. त्या बाईंनी आईचा कोयता शाबूत ठेवला आणि त्यातून वाट काढली. त्यांच्याविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे ती मी तेव्हा धड बोलू शकले नाही. नुसतं 'येते' म्हणून बाहेर पडले. आता इथे लिहिते आहे.

अख्ख्या गोळ्या सुरू झाल्यावर दुखणं बरंच खाली आलं, पण पाठ टेकण्याइतकं नाही. मात्रा चढवत नेली तशी आता खरंच आईला ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि ती मध्येच असंबद्ध बोलायला लागली. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाल्या, संपलेलं नाही, औषध बदलून बघू. त्यांनी कातडीवर चिकटवायची पट्टी दिली. तीन दिवस अंगावर ठेवायची, आतलं औषध कातडीतून झिरपत राहतं. ते औषधही त्याच म्यूवर जाऊन बसणारं. एकाच जागी बसणारी दोन औषधं एकाच माणसाशी इतकी वेगळी वागतात, याचं एक कारण म्यूची ती अनेक रूपं असावीत, असं म्हणतात. मी ते शेकडो वेळा वाचलं होतं. पण डॉक्टरांनी काही तपासणी करून पट्टी निवडली नव्हती. एक देऊन पाहिलं, नाही जमलं, दुसरं दिलं, आणि रोज फोन करून विचारत राहिल्या. दादांच्या कंबरेला पट्टा आलेलाच होता, त्यामुळे आईने स्वतःच्या पट्टीला हरकत घेतली नाही.

पट्टी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी मी दुपारी दोनला कॉलेजातून आले. दादा उंबऱ्यात बसले होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी आत डोकावले. बाजरीचं पोतं भिंतीकडे सरकवलेलं होतं आणि आई गादीवर सरळ उताणी पडली होती, दोन्ही हात बाजूला, तोंड थोडं उघडं. मी दारातूनच तिच्या छातीकडे बघत राहिले. पदर हळूहळू वर जात होता, खाली येत होता. मी दादांशेजारी उंबऱ्यात बसले आणि रडले. दादाही रडत होते, पण भाजीवाली आली तेव्हा तिला हाताने लांबूनच घालवण्याइतके सावध होते.

त्यानंतर आई चार महिने होती. शेवटापर्यंत ती पाठ टेकून झोपली. तिला गमावल्याचं दुःख आहेच, पण त्या चार महिन्यांची आठवण आली की मन आधी भरून येतं ते उपकारांनी. त्या डॉक्टरांचे उपकार, ओकाऱ्या सोसणाऱ्या दादांचे, आणि म्हणायला विचित्र वाटेल, पण त्या जुन्या जनुकाचेही. माझ्या आईला एक दिवस पाठ टेकता यावी याची तजवीज माशांच्या काळापासून चालू होती, असं मला वाटतं. शास्त्रात असं म्हणत नाहीत. मी म्हणते.

पहिल्यांदा पाठ टेकली त्या दुपारी उन्हं कलल्यावर आईने डोळे उघडले. मी आणि दादा दोघंही जवळ जाऊन बसलो.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई."

तिने पडल्या पडल्या इकडची कूस, तिकडची कूस करून पाहिली. पाठीखाली हात घालून चाचपलं. मग तिच्या चेहऱ्यावर काळजी आली. ती दादांकडे बघू लागली, नंतर माझ्याकडे.

"मंग माजं दुखनं आता कुनाकडं गेलं?"

"कुणाकडेच नाही, आई. थांबलं ते."

तिला ते पटलं नाही. तिने दादांना आणखी जवळ ओढलं आणि त्यांच्या कंबरेवर हात ठेवला. "तुमाला जास्ती तर झालं न्हाई ना?"

"न्हाई," दादा म्हणाले. "हुतं तेवढंच हाय."

मग तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मानेला, पाठीला लावून पाहिला. आणि तेव्हा कुठे ती परत पाठ टेकून पडली.